अनुराधपुरातली चुकामूक

साहेबराव हिवराळ्यांना कुणी रस्ता विचारला की ते आधी खाली बघत. डांबराच्या खाली, मातीच्या खाली, जिथं फक्त त्यांनाच काही दिसायचं तिथं. मग सांगत, "सिटी चौकातून बारा इंची लाईन खाली उतरती. ती जिथं उजवीकडं वळती ना, तिथून तिसरं दुकान." विचारणारा गोंधळून जाई, पण तिसरं दुकान बरोबर निघे.

चौतीस वर्षं ते शहराच्या पाणीपुरवठ्यात लाईनमन होते. सायकलच्या दांडीला छातीइतकी उंच लोखंडी चावी बांधायची, ज्या गल्लीचा पाण्याचा दिवस असेल त्या गल्लीत जायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. ते आले की बायका आतून ओरडत, "साहेबराव आले, नळं सोडा!" लोक पाण्याचा दिवस बघून पाहुणे बोलवायचे आणि तो दिवस साहेबरावांना विचारून ठरायचा. शहागंजपासून भावसिंगपुऱ्यापर्यंत जमिनीखाली कुठं काय गाडलंय याचा नकाशा कचेरीत असेल-नसेल, साहेबरावांच्या डोक्यात पक्का होता. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी नवा लाईनमन शिवराज अडला की त्यांच्या दारात येई. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला रस्ता विचारला नव्हता, आणि ही गोष्ट ते पाहुण्यांना आवर्जून सांगत.

त्यांच्या मागं चार पावलांवर चंपाबाई चालत. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण हे चार पावलांचं अंतर काही कमी झालं नाही. बावीस वर्षं त्यांनी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक केला होता, दोनशे मुलींच्या भाकऱ्या थापल्या होत्या. वसतिगृह, लेणीच्या वाटेवरचं विहार आणि शहागंजचा बाजार, एवढ्या तीन वाटा त्यांच्या. चौथीकडं जायचं तर पुढं साहेबराव लागत.

विहारातल्या मंडळींनी श्रीलंकेला जायचं काढलं तेव्हा दोघांची नावं त्यांच्या मुलानं, इंद्रजीतनं, पुण्याहून फोन करून परस्पर घालून टाकली. तिकिटंही त्यानंच काढली. म्हणाला, "आई, तू आयुष्यात पैठणच्या पुढं गेली नाहीस. आता समुद्रापल्याड जा."

तिथून गोंधळाला सुरुवात झाली. साहेबरावांचा पासपोर्ट तयार होता. मागंच एकदा बेत ठरला होता, तेव्हा लॉकडाऊन आडवं आलं आणि पासपोर्ट तसाच पेटीत पडला. चंपाबाईंचा मात्र काढायचा होता आणि त्यांचे कागद एकमेकांना ओळख देईनात. रेशनकार्डावर चंपाबाई, आधारवर नुसतं चंपा, आणि मतदान कार्डावर चंद्रभागा. चंद्रभागा कुठून आली ते कुणालाच सांगता येईना. जन्मतारीख सगळीकडं एक जून, पण साल तीन ठिकाणी तीन. त्यातलं एक धरलं तर चंपाबाई नवऱ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या ठरत होत्या.

"म्हंजी मी मोठी?" चंपाबाई म्हणाल्या. "मग आता तुमीच माह्या पाया पडत जा."

"मोठ्या दुष्काळात तू कितीची व्हतीस ते सांग."

"मला कसं ठावं? आई म्हनायची, दुष्काळी कामावर सुकडी खायला स्वतःच्या पायानं चालत जायचे."

प्रतिज्ञापत्रं झाली, पेपरात नाव छापून आलं, सात-आठ खेटे झाले. शेवटी पासपोर्ट हातात पडला, तर साहेबरावांच्यात गावाचं नाव औरंगाबाद आणि चंपाबाईंच्यात छत्रपती संभाजीनगर. एकाच घरातली माणसं, पण कागदावर दोन गावची. हे कोलंबोच्या विमानतळावर निघालं. खिडकीतला अधिकारी दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघू लागला आणि इंग्रजीत काहीतरी विचारू लागला. साहेबरावांना एवढंच कळलं, की तो विचारतोय, तुम्ही एका ठिकाणचे का दोन. त्यांनी एक बोट वर केलं, "गाव येक." मग दोन बोटं केली, "नाव दोन." अधिकारी त्या बोटांकडं बघत राहिला. अखेर मागच्या रांगेतून सोनिया मॅडम पुढं आल्या. त्या विहारातल्याच, शाळेत इंग्रजी शिकवत आणि सहलीची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यांनी दोन वाक्यांत प्रकरण मिटवलं.

तिथून निघताना साहेबराव एका काचेच्या भिंतीवर आपटले. सगळे हसले, तेही हसले. मुंबईच्या विमानतळावरही ते एका माणसाच्या सामानाच्या गाडीला धडकले होते. परका मुलुख, सगळीकडं काचा आणि दिवे, माणूस गडबडणारच, असं सगळ्यांनी धरलं. पण साहेबराव आतून जरा खट्टू झाले होते. इथं जमिनीकडं पाहिलं तर खाली काय आहे ते कळत नव्हतं. गुळगुळीत फरशी आणि तिच्यात स्वतःचीच सावली.

चंपाबाईंचं उलटंच झालं. पैठणपल्याड न गेलेली ही बाई दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या मुदपाकखान्यात जाऊन उभी राहिली. भाषा येत नव्हती, पण खोबरं वाटणाऱ्या बाईच्या हातून तिनं वरवंटा घेतला, दोन फेरे मारून दाखवले आणि आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिच्या तळहातावर ठेवली. ती बाई खो खो हसली आणि जाताना केळीच्या पानात गूळखोबऱ्याची पोळी बांधून दिली. तिसऱ्या दिवसापर्यंत गटातल्या अर्ध्या बाया काही अडलं की सोनिया मॅडमना सोडून चंपाबाईंना पुढं घालू लागल्या.

अनुराधपुरात पोचले त्या दिवशी पौर्णिमा होती. त्या सकाळी हॉटेलात न्याहारीला बसले असताना साहेबरावांचा हात लागून चहाचा ग्लास कलंडला आणि चंपाबाईंच्या कोऱ्या पांढऱ्या साडीवर सांडला. ही साडी त्यांनी खास इथल्या महाबोधी वृक्षासाठी, बोधगयेच्या फांदीतून वाढलेल्या त्या पिंपळासाठी, राखून ठेवली होती.

"डोळं हायत का बटनं?" चंपाबाई चारचौघांत बोलल्या. "येवढा ग्लास हाताशी ठिवला व्हता."

"हाताशी कुटं? तू मागून सरकवला आसंल."

"मी कामून सरकवू?"

साहेबरावांनी तोंड फिरवलं. ते तसे तोंडानं भांडणारे नव्हते. गप्प बसून भांडायचे आणि ते चांगलं दोन-तीन दिवस चालायचं. चंपाबाईंनी साडी पाण्यानं पुसली, डाग निऱ्यांत दडवला आणि मंडळी निघाली.

महाबोधीच्या आवारात चपला बाहेर ठेवून वाळूतून अनवाणी जायचं. आवार माणसांनी फुललेलं होतं आणि यच्चयावत माणूस पांढऱ्या कपड्यांत. म्हातारे पांढरे, पोरं पांढरी, बाया पांढऱ्या. हातात निळी कमळं, ओठांवर पाठ. सोनिया मॅडमनी सांगितलं, "ज्याला जिथं बसायचं तिथं बसा, वंदना करा. तासाभरानं चपलांपाशी जमायचं."

साहेबराव नेहमीसारखे पुढं झाले. वृक्षाच्या सोनेरी कठड्यासमोर उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले. गावाकडं, पाचोडजवळच्या त्यांच्या वस्तीवर, वडील ही पाली वंदना जशी म्हणत तशीच इथली परकी माणसं म्हणत होती. बोलीतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण वंदनेचा शब्द न् शब्द ओळखीचा होता. त्यांना भरून आलं. सकाळचा राग विरघळला. चंपाला म्हणावं, ऐक, आपलंच म्हणतायत. त्यांनी वळून पाहिलं.

चंपाबाई नव्हत्या.

चार पावलांवर नव्हत्या, दहा पावलांवर नव्हत्या. ते उजवीकडून गेले, कठड्याला वळसा घालून परत आले. पुन्हा गेले. पांढरं लुगडं दिसलं की जवळ जायचे, तर चेहरा भलताच निघायचा. एका म्हातारीला त्यांचा धक्का लागला आणि तिच्या हातातली फुलांची परडी वाळूत पडली. साहेबराव खाली बसून कमळं वेचू लागले. म्हातारी चिडली नाही. तिनं काहीतरी मऊ आवाजात विचारलं.

"माही मंडळी दिसली का वो?" साहेबराव मराठीत म्हणाले. "पांढरी साडी नेसलेली."

म्हणाले आणि स्वतःच भोवताली बघून ओशाळले.

पाय वाळूत होते, पण वाळूखाली काय आहे, कुठली वाट कुठं जाते, काही काही कळेना. आपण आत आलो ते दार कुठलं? चपला कुठं काढल्या? चौतीस वर्षांत शहरातल्या कुठल्याही बोळात त्यांना डोळे बांधून सोडलं असतं तरी ते घरी आले असते. इथं उघड्या डोळ्यांनी ते जागच्या जागी फिरत होते. आणि बिचारी चंपा. तिला तर औरंगपुऱ्यातूनसुद्धा एकटीला परतता येत नाही. ती कुठं रडत उभी असेल?

त्यांची अवस्था बघून एका पोलिसानं त्यांचा दंड धरला आणि कडेच्या खोलीत नेलं. तिथून सूचना सांगत. माईकसमोर एक भिक्खू बसले होते. ते काही वर्षं बोधगयेला राहिलेले, त्यामुळं मोडकी हिंदी बोलत. त्यांनी नाव विचारलं.

"चंपाबाई साहेबराव हिवराळे. औरंगाबाद. म्हंजी संभाजीनगर."

भिक्खूंनी आपल्या भाषेत सूचना दिली. त्यात साहेबरावांना आपल्या बायकोचं नाव कुठंच ऐकू आलं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग भिक्खूंनी हसून माईक त्यांच्याकडं वळवला आणि मानेनं खूण केली, तुम्हीच बोला.

साहेबराव आयुष्यात माईकवर बोलले नव्हते. जयंतीच्या सभेतही ते सतरंज्या घालायला पुढं आणि भाषणाला मागं. त्यांनी दोन्ही हातांनी माईक धरला.

"चंपा," ते म्हणाले आणि आवारभर घुमलेल्या स्वतःच्या आवाजानं दचकले. "आगं चंपा, मी हाय, साहेबराव. मी हितं माईकच्या खोलीत हाय. सकाळचं मनाला लावून घिऊ नको. मला काय कळंना झालंय गं. तू जिथं आसशील तिथून ये."

दोन मिनिटांत चंपाबाई दारात. चेहरा लालबुंद, पदर डोक्यावरून घसरलेला, आणि मागं गटातली निम्मी मंडळी.

"लंकाभर बोंबललात की वो!" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "चंपा काय, आगं काय! कुनी आसं माईकवर नाव घेतं का बायकूचं?"

"कुटं गेली व्हतीस तू?"

"मी? मी कुटं जाऊ? तुमच्या बाजूलाच बसले व्हते वाळूत. त्या बायांसंगं वंदना म्हनत व्हते. दोनदा माह्यासमोरून गेलात. दोन हातांवरून गेलात. मी म्हनलं, फुगलेत आजून. जाऊ द्या."

"नव्हतीस तू तिथं."

"व्हते."

"नव्हतीस! मी काय आंधळा हाय का?"

सोनिया मॅडम मधे पडल्या. "साहेबराव काका, होत्या त्या. मी पलीकडून बघत होते. मला पण वाटलं, तुम्ही मुद्दाम बघत नाही."

साहेबराव मनाशी हिशेब घालू लागले. चंपा खोटं बोलत नाही आणि मॅडमना खोटं बोलायचं कारण नाही. मग अडतीस वर्षांची आपली बायको आपल्याला दोन हातांवरून ओळखू आली नाही, याचा अर्थ काय?

अर्थ त्यांना ठाऊक होता, किंवा ठाऊक आहे असं वाटत होतं. थोरला भाऊ फकिरा गावी असाच झाला होता. आधी गुरं बांधायची विसरला. मग बाजाराच्या दिवशी पाचोडला गेला आणि दुसऱ्याच्याच ओसरीवर जाऊन बसला. आता तो पोटच्या पोराला, तू कुणाचा रे, असं विचारतो. फकिरा सत्तरीला असा झाला, आपण त्रेसष्टाव्या वर्षी. पुढचे चार दिवस साहेबरावांनी चंपाबाईंच्या पदराचा शेव हातातून सोडला नाही. बायांनी चेष्टा केली, "चंपाताई, माईकवर बोलवून घेतलं आन् आता सोडंनात." साहेबरावांना त्या चेष्टेचं काही वाटलं नाही. भीतीपुढं लाज उरली नव्हती.

घरी परत आल्यावर तरी सगळं सुरळीत होईल असं त्यांना वाटलं. शेजारच्या भामाबाईंनी किल्ली दिली, पाण्याचा दिवस सांगितला, लंकेचा प्रसाद म्हणून मिळालेली खडीसाखर तोंडात टाकली. आपलं गाव, आपली गल्ली. साहेबरावांनी पहिल्याच रात्री अंथरुणात पडून स्वतःची परीक्षा घेतली. डोळे मिटून मनातल्या मनात जुन्या बाजारापासून निघाले. पहिला व्हॉल्व्ह मशिदीच्या कोपऱ्यावर, दुसरा गिरणीसमोर, तिसरा जुन्या विहिरीच्या कठड्याशी. एकेक करत एकशे बारा व्हॉल्व्ह ओळीनं आले, एकही सुटला नाही. फकिराला तर स्वतःच्या विहिरीवरची मोटर कुठं आहे तेही सांगता येत नव्हतं. मग आपलं काय झालंय?

आणि दिवस उजाडला की पुन्हा तेच. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. चंपाबाईंनी ताटाजवळ ठेवलेला तांब्या लवंडायचा. शहागंजात भाजी घ्यायला गेले तर पपयांच्या हातगाडीवर आदळले. दोन पपया फुटल्या.

"चाचा, देख के चलो ना! आंखां किदर हैं?" गाडीवाला ओरडला. मग त्यानं ओळखलं. "अरे, पानीवाले चाचा. तबीयत ठीक हैना?"

"ठीक है, ठीक है," म्हणत साहेबराव पपयांचे तुकडे गोळा करू लागले आणि तिथून भाजी न घेताच परतले. चंपाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "भाजी चांगली नव्हती."

ते लपवू लागले. बाहेर जायचं टाळू लागले. इंद्रजीतचा फोन आला की, "मजेत, मजेत" म्हणून फोन चंपाबाईंकडं देऊ लागले. विहारातल्यांनी लंकेच्या गमती सांगायला बोलावलं तर पाय दुखतो म्हणाले. चंपाबाई बघत होत्या. त्यांना वाटलं, माईकवरच्या बोलण्याची लाज वाटत असेल. मग वाटलं, तिकडचं पाणी बाधलं असेल. मग एकदा वाटलं, आपण चारचौघांत बोललो ते यांच्या जिव्हारी लागलं असेल, आणि त्यांनी आपण होऊन दोन दिवस गोड बोलून बघितलं. त्यानं साहेबराव अधिकच घाबरले. त्यांना वाटलं, हिला समजलंय.

अशात एका सकाळी शिवराज आला. "जय भीम काका. जरा अडचन हाय. त्या जुन्या दवाखान्याच्या बोळात नवा सिमेंटचा रस्ता झाला आन् खालचा पान्याचा वॉल गाडला गेला. कुटं खोदावं काय कळंना. तीन जागी फोडलं."

साहेबरावांना जायचं नव्हतं. पण नाही म्हणता येईना. चंपाबाई म्हणाल्या, "मी बी येते, तिकडंच मला दळन टाकायचंय."

बोळाच्या तोंडाशी साहेबराव उभे राहिले. सिमेंट नवंकोरं, सपाट, वर काही खूण नाही. त्यांनी खाली पाहिलं. क्षणभर भीती वाटली, की काही दिसणारच नाही. मग जुन्या चिंचेच्या बुंध्याला पाठ लावली आणि पावलं मोजत निघाले. अकराव्या पावलाला थांबले, टाच आपटली. "हितं. दोन फूट खाली झाकन लागंल."

मजुरांनी फोडलं. दोन फुटांवर झाकण लागलं. शिवराजनं हात जोडले, बोळातले लोक गॅलऱ्यांतून बघत होते, कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. साहेबरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोकं शाबूत होतं! ते हसत चंपाबाईंकडं वळले, एक पाऊल टाकलं, आणि शिवराजच्या माणसांनी आधीच्या दिवशी खोदलेल्या, शेजारीच असलेल्या उघड्या खड्ड्यात पडले.

खड्डा कमरेइतका होता, म्हणून गुडघ्यावर निभावलं. रिक्षात घालून घरी आणलं. चंपाबाई हळद लावायला बसल्या आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. "आकरा पावलं आठवली. दोन फूट खालचं झाकन ठावं. आन् बाजूचा येवढा खड्डा, ज्याच्या कडंला लाल झेंडी लावलेली, त्यो दिसला नाय?"

बोलता बोलता त्या थांबल्या. हळदीचं बोट तसंच हवेत राहिलं.

"दिसला नाय," त्या पुन्हा म्हणाल्या, पण आता वेगळ्या आवाजात.

त्या उठल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळानं एक भाजलेला पापड घेऊन आल्या आणि साहेबरावांच्या डाव्या बाजूला, जरा मागं, काही न बोलता उभ्या राहिल्या. पापड त्यांच्या कानाच्या रेषेत धरला. साहेबराव टीव्हीकडं बघत होते. पापड हळूहळू पुढं आणला. गालाच्या समोर आला, तरी नाही. जवळजवळ नाकापुढं आला तेव्हा साहेबराव दचकले, "आगं, कुटून आलीस?"

मग त्या उजवीकडून आल्या. तिकडं थोडं लवकर दिसलं, पण फार नाही.

"काय चाललंय तुह्यं?"

"तुमचं डोस्कं नाय, डोळं गेल्यात," चंपाबाई म्हणाल्या, आणि मग बोललेलं ऐकून स्वतःच पदराला डोळे पुसू लागल्या.

साहेबरावांना ते पटेना. त्यांना पेपर वाचता येत होता. समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली. डोळे गेलेला माणूस पाटी वाचतो का? पण चंपाबाईंनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुढं आणि साहेबराव मागं, असे दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेले.

तिथं त्यांना एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. आत पांढरा घुमट होता. समोरच्या ठिपक्याकडं बघत राहायचं आणि कडेला कुठंही उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. साहेबराव वाट बघत राहिले. बराच वेळ काहीच चमकलं नाही. मधूनच एखादा ठिपका दिसायचा.

"यंत्र बंद पडलंय वाटतं," ते बाहेर येऊन म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. दोन गोल, आणि दोन्ही गोल कडांनी काळे. डावा जास्त काळा, मधे खिडकीएवढी पांढरी जागा. "काका, यंत्र चालू होतं. ठिपके सगळीकडं चमकत होते. तुम्हाला काचबिंदू आहे, मोतीबिंदू नव्हे. यात नजर कडेनं जाते. दुखत नाही, धूसर दिसत नाही. समोरचं साफ दिसतं, म्हणून माणसाला वाटतं सगळं दिसतंय. कडेचं दिसत नाही हे डोळा सांगतच नाही."

"मग माह्या डोस्क्याला काय झालेलं नाय?" साहेबरावांनी विचारलं.

"डोक्याला काय व्हायचं?"

साहेबराव हसायला लागले. आधी हळू, मग मोठ्यानं. बाहेरच्या बाकड्यावरचे लोक वाकून बघू लागले. डॉक्टरीणबाईंना कळेना, एवढं वाईट सांगितलं तर हा माणूस हसतो कशाला. चंपाबाईंनाही कळेना. फकिरासारखं आपलं होईल या भीतीत गेलेल्या दीड महिन्याबद्दल साहेबरावांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते त्यांनी घरी येताना रिक्षात सांगितलं.

"आन् मला सांगायला काय झालतं?" चंपाबाई भडकल्या.

"तुला ओळखलं नाय आसं तुला कसं सांगू?"

चंपाबाईंनी पदराचा शेव पुढं ओढून त्यांच्या हातात दिला.

गेलेली नजर परत येणार नव्हती, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. राहिलेली राखायची, त्यासाठी रोज न चुकता थेंब. सायकल बंद. साहेबरावांचं हसू दोन दिवस टिकलं. मग जे गेलं त्याचं दुःख उमगायला लागलं. सायकल भामाबाईंच्या पोराला देऊन टाकली त्या दिवशी ते जेवले नाहीत. रस्त्यानं चालताना आता चंपाबाई डावीकडं असत, बरोबरीनं, हातात हात नाही पण कोपराला कोपर लागेल अशा. पहिले काही दिवस गल्लीतल्या लोकांसमोर दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं.

पुढच्या रविवारी विहारात चंपाबाईंनी लंकेची हकिकत सांगितली. साहेबराव पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी आधीच बजावलं होतं, माईकचं सांगायचं नाही. चंपाबाईंनी तेच सगळ्यात आधी सांगितलं. लोक हसले. मग त्या अनुराधपुरातल्या, महाबोधीजवळच्या मोठ्या स्तूपाबद्दल बोलू लागल्या. केवढा पांढराशुभ्र, लांबून दुधाच्या घुमटासारखा, आणि त्याच्या भिंतीला चारी बाजूंनी दगडी हत्तींची रांग, खांद्याला खांदा लावून उभे, जणू हत्तींनीच स्तूप तोलून धरलाय.

साहेबराव ऐकत राहिले. त्यांना आठवत होती ती पायाखालची फरशी, तिची भेग, उन्हानं तापलेला दगड. हत्ती?

संध्याकाळी घरी थेंबांची वेळ झाली. साहेबराव बाजेवर उताणे पडले. चंपाबाईंनी एका डोळ्यात एक, दुसऱ्यात एक असे थेंब टाकले. पाच मिनिटं डोळे मिटून ठेवायचे होते.

"हत्ती कुटं व्हते?" साहेबरावांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"कुटं म्हंजी? आत शिरायच्या आधी आपन भायेरून भिंतीच्या कडंकडंनं चाललो ना. सगळे डाव्या हाताला. पार शेवटपर्यंत."

"मला येक बी दिसला नाय."

"तुमी खाली बघत व्हते."

"किती व्हते?"

"मी काय मोजले का? शंभर आसतील. जास्तीच."

"आन् अजून काय व्हतं डावीकडं?"

चंपाबाई आठवू लागल्या. एका झाडावर वानरांची पोरं होती. एक बाई लहानग्याला कमळ कसं उमलवायचं ते शिकवत होती, एकेक पाकळी मागं दुमडून. पुढं तळं होतं. साहेबराव म्हणाले, तळं उजवीकडं होतं, ते मी बघितलं. चंपाबाई म्हणाल्या, ते निराळं. मग तळी किती होती यावर दोघांचा वाद झाला. चंपाबाई म्हणत दोन, साहेबराव म्हणत एकच, पण आपण त्याला वळसा घातला.

पाच मिनिटं झाली. साहेबरावांनी डोळे उघडले. चंपाबाईंनी इंद्रजीतनं घेऊन दिलेल्या फोनमधला तिथला फोटो शोधून काढला आणि तो त्यांच्या अगदी समोर धरला. साहेबराव भिंतीपुढं उभे, नजर खाली, आणि मागं राखी दगडाचे हत्ती कान पसरून.

"हळू सरकव," साहेबराव म्हणाले.

चंपाबाई बोटानं फोटो मोठा करून हळूहळू सरकवू लागल्या आणि साहेबराव पुटपुटत मोजू लागले. सातव्या हत्तीला त्यांचे डोळे पाणावले.

"थेंब वाहून चाललेत," चंपाबाई म्हणाल्या. "मिटा जरा. हत्ती कुटं पळून जात नायत."

"आठवा तेवढा दाखव," साहेबराव म्हणाले, "मग मिटतो."